नावाचा धनी

पुणे-नाशिक रस्त्याने भोसरी मागे टाकली की मोशी लागते, मग इंद्रायणी ओलांडायची, आणि थोड्याच वेळात चाकणचा माळ सुरू होतो. माळ म्हणायचे ते जुन्या सवयीने. आता तिथे गवत नाही, कारखान्यांची पत्र्याची छपरे आहेत. या माळावर २००९ सालापासून फोक्सवॅगन आणि मर्सिडीझ या दोन जर्मन कंपन्या मोटारी तयार करतात. मर्सिडीझ तर त्याही आधी, १९९५ पासून, पिंपरीला टेल्कोच्या आवारात जोडली जात होती. तिला हात लावणारी पोरे खेडची, शिरूरची, बीडची, लातूरची. पण फाटकाबाहेर पडते ती जर्मन नाव मिरवीत. घेणारा त्या नावाचे पैसे मोजतो, आणि आपण फसलो असे त्याला क्षणभरही वाटत नाही.

याच रस्त्याने तसेच पुढे गेले, की राजगुरुनगर, मंचर करीत चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांवर नारायणगाव येते. तमाशाच्या फडांचे म्हणून हे गाव सर्वांना ठाऊक आहे. येथे १९८० नंतरच्या दशकात शामराव चौगुले यांनी द्राक्षमद्याचा कारखाना काढला. फ्रान्समधल्या शॅम्पेन प्रांतातल्या पायपर-हाइडसिक या जुन्या पेढीची तांत्रिक मदत त्यांनी मिळवली. पद्धत हुबेहूब तिकडचीच. वाइन बाटलीत भरायची, तिच्यात थोडी साखर आणि यीस्ट घालून ती बाटलीतच पुन्हा आंबवायची, मग बाटल्या तोंडे खाली करून थोड्या थोड्या फिरवीत राहायचे, म्हणजे गाळ बुचापाशी येऊन बसतो. तो गोठवून काढून टाकला की राहते ती स्वच्छ, फसफसणारी वाइन. परदेशात ती ‘ओमर खय्याम’ या नावाने गेली, देशात ‘मार्की द पॉम्पादूर’ या नावाने विकली गेली. एक नाव इराणी कवीचे, दुसरे फ्रेंच राजाच्या मैत्रिणीचे! कंपनीच्या नावात मात्र ‘शॅम्पेन’ हा शब्द होता, शॅम्पेन इंडेज. पुढे तोही गळला, आणि २००८-०९ नंतर कंपनीच मोडकळीस आली. ती मोडली ती कर्जाने. नावाचा आणि त्या मोडण्याचा संबंध मी जोडू इच्छीत नाही.

माझा प्रश्न निराळा आहे. जर्मन मोटार चाकणला जन्मते आणि जर्मनच राहते; मग शॅम्पेन नारायणगावला का जन्मू शकत नाही? यंत्रे आली, तंत्रज्ञ आले, पद्धत आली, आणि नाव तेवढे सीमेवर अडले. असे का?

पहिल्या झटक्याला उत्तर सोपे वाटते. मर्सिडीझ हे काही गावाचे नाव नाही. एमिल येलिनेक नावाच्या एका व्यापाऱ्याच्या मुलीचे ते नाव, त्याने हौसेने मोटारीला दिले. आज ते एका कंपनीच्या मालकीचे आहे. कंपनी ते उसने देईल, परत मागेल, विकेलही. मोटार बिघडली तर कुणाची मानगूट धरायची हे गिऱ्हाइकाला माहीत असते. आमच्या आकुर्डीला हे नाटक एकदा साऱ्या महाराष्ट्रासमोर होऊन गेले आहे. बजाजची स्कूटर पियाज्जो या इटालियन कंपनीच्या परवान्याने तयार होई, आणि तिचे नाव होते वेस्पा. १९७१ साली परवाना संपला. नाव परत गेले, कारखाना इथेच राहिला. दुसऱ्या वर्षी स्कूटर बाहेर पडली ती ‘चेतक’ होऊन. त्यानंतर लोकांनी तिच्यासाठी वर्षानुवर्षे नंबर लावून वाट पाहिली. तेव्हा उसने नाव परत केल्याने कुणी बुडत नाही, एवढे तरी त्यातून दिसले. (चेतक हा राणा प्रतापांचा घोडा. ते नाव घेताना मेवाडात कुणाला विचारले होते, असे ऐकिवात नाही. वेस्पाही २०१२ साली पुन्हा भारतात आली, ती थेट बारामतीला. पण ते असो.)

गावाच्या नावाचे तसे नसते. त्याला एक मालक नसतो. आपल्याकडे गावाला गायरान असते. त्यात गुरे चारण्याचा हक्क गावातल्या प्रत्येकाला, पण ते विकण्याचा हक्क कुणालाच नाही. शॅम्पेनमध्ये हजारो द्राक्षबागाईतदार आहेत. त्यांतला एकजण नारायणगावला येऊन म्हणाला असता, ‘माझे नाव लावा, माझी हरकत नाही’, तर त्याने शेजाऱ्याचे गवत दान केल्यासारखे झाले असते. पायपर-हाइडसिकच्या माणसांनी आपली विद्या आणली, कारण ती त्यांची होती. नाव त्यांना आणता आले नाही, कारण ते त्यांच्या एकट्याचे नव्हते. इथपर्यंत न्याय फ्रेंचांच्या बाजूने आहे, असे मला मनापासून वाटते.

पण न्याय आणि तराजू या दोन वस्तू निराळ्या आहेत. तराजू कुणाच्या हातात आहे तेही पाहावे लागते.

मालावर खोटे ठिकाण छापू नये असा करार १८९१ साली माद्रिदला झाला. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरली, आणि १९१९ च्या व्हर्सायच्या तहात तोफा-बंदुकांच्या कलमांबरोबर जेत्यांनी मद्यांच्या प्रादेशिक नावांचेही कलम घातले. तेव्हापासून जर्मनांना आपल्या ब्रँडीला ‘कोन्याक’ म्हणता येईना. पुढे १५ एप्रिल १९९४ रोजी मोरोक्कोतल्या माराकेश शहरात जो मोठा व्यापारकरार झाला, आणि ज्यातून १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना जन्मली, त्याच्या बौद्धिक संपदेच्या भागात दोन कलमे शेजारी-शेजारी आहेत. बाविसावे कलम जगातल्या सगळ्या मालाच्या प्रादेशिक नावांना लागू. तेविसावे फक्त वाइन आणि स्पिरिट, म्हणजे द्राक्षाची आणि गाळलेली दारू, यांना. बाविसाव्याखाली तक्रार करायची तर गिऱ्हाइकाची दिशाभूल होते, किंवा स्पर्धा गैरमार्गाने चालली आहे, हे सिद्ध करावे लागते. तेविसाव्याखाली काही सिद्ध करायचे नाही. नाव लावलेत, संपले. ‘शॅम्पेनसारखी’, ‘शॅम्पेन पद्धतीची’, ‘नारायणगावात बनवलेली शॅम्पेन’ असे अगदी खरे-खरे लिहिलेत तरी चालायचे नाही.

दिवाळी अंकात, घरातल्या सगळ्यांच्या हाती जाणाऱ्या पानांवर, मी दारूविषयी इतके लिहितो आहे याची मला जाणीव आहे. पण त्या करारात दारूच वरच्या पाटावर बसली आहे, त्याला माझा इलाज नाही. तांदूळ, चहा, आंबा, लुगडे, चप्पल ही सारी मंडळी खालच्या पंगतीला. असे का, याला कोणतेही तत्त्वज्ञान नाही. युरोपला आपल्या मद्यांच्या नावांची काळजी होती, आणि वाटाघाटीच्या मेजावर त्याचा शब्द जड होता. आणखी एक गंमत त्या करारात आहे. १९९४ च्या आधी दहा वर्षे जे कुणी ते नाव सरसकट वापरीत होते, त्यांना सवलत. म्हणजे चोरी जुनी असेल तर माफ, नवी असेल तर गुन्हा. कॅलिफोर्नियातल्या जुन्या कारखान्यांची ‘शॅम्पेन’ अमेरिकेत अशीच राहून गेली. २००६ साली युरोपशी करार झाला तेव्हाही जुन्यांना हात लावला नाही, नव्यांना तेवढी मनाई झाली.

२००१ साली दोहा येथे जी व्यापारपरिषद झाली तेव्हापासून भारत म्हणतो आहे की वरच्या पाटावर आम्हालाही बसवा, दारूला जे संरक्षण आहे ते बाकीच्या मालालाही द्या. स्वित्झर्लंड, तुर्कस्तान, थायलंड हे देश त्या मागणीत बरोबर आहेत, युरोपही आहे. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अर्जेंटिना विरुद्ध. ही कोंडी अजून फुटलेली नाही. आपण मात्र घरचा कायदा केला. १९९९ साली संमत झाला, १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. त्याची नोंदवही चेन्नईला असते. तिच्यात पहिले नाव दार्जिलिंग चहाचे. पुढे आपली सोलापुरी चादर, पैठणी, पुणेरी पगडी, नाशिकची वाइन, गोव्याची काजूची फेणी, आणि २०१८ साली कोकणचा हापूस ही नावे चढली. परदेशी मंडळींनीही तिथे आपली नावे नोंदवली आहेत, स्कॉच आणि शॅम्पेन त्यांत आहेत.

या मागणीत आपण नुसतेच फिर्यादी आहोत असे मात्र समजू नये. स्कॉटलंडची व्हिस्की म्हणजे धान्याची, तिथेच गाळलेली, ओकच्या पिंपात निदान तीन वर्षे तिथेच मुरलेली. आपल्याकडे स्वस्त व्हिस्की बहुतेक उसाच्या मळीच्या अर्कापासून होते, आणि तिला युरोपात कुणी व्हिस्कीच म्हणत नाही. नव्वदच्या दशकाच्या आरंभी मुंबई उच्च न्यायालयापुढे एक दावा चालला. वादी, स्कॉच व्हिस्की असोसिएशन. प्रतिवादी, प्रवरा सहकारी साखर कारखाना. सहकारी साखर कारखानदारीचा आरंभ जिथे झाला असे आपण अभिमानाने सांगतो, ते हे लोणी-प्रवरानगर, तेव्हाचा जिल्हा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर. कारखान्याच्या दोन व्हिस्क्यांच्या बाटल्यांवर स्कॉचचे मिश्रण असल्याचे शब्द होते, आणि स्कॉटिश घागरा घातलेल्या ढोलवाल्याचे चित्र. न्यायालयाने मनाई हुकूम दिला. मला त्या निकालापेक्षा ते चित्र अधिक बोलके वाटते. प्रवरेच्या काठी पिकलेला ऊस, प्रवरेचे पाणी, शेतकऱ्यांचे भागभांडवल, आणि बाटलीवर कोण, तर एडिंबरोचा ढोलवाला! आपल्या मातीतल्या मालाला आपले नाव लावायला आपणच लाजलो. स्कॉटलंडचे जे नुकसान झाले असेल ते झाले असेल, पण प्रवरेचे नाव कुठेच चढले नाही, त्याचा हिशोब कोणत्या कोर्टात करायचा?

दुसरी बाजू २०२५ च्या जूनमध्ये पाहायला मिळाली. इटलीत, मिलान शहरी, प्राडा या बड्या पेढीने पुरुषांच्या कपड्यांचे प्रदर्शन मांडले, आणि त्यात मॉडेलांच्या पायांत जे होते ते पाहून कोल्हापुरापासून निपाणीपर्यंत सगळ्यांनी एकच शब्द उच्चारला. प्राडाने मात्र तो शब्द उच्चारला नव्हता. चामड्याची सँडल, एवढेच म्हटले होते. गदारोळ झाल्यावर प्रेरणा भारतीय कारागिरांची आहे हे पेढीने मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिका जुलैमध्ये फेटाळली गेली. त्या डिसेंबरात महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी प्राडाने करार केला.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. प्रवरानगरने नाव घेतले आणि वस्तू निराळी विकली. मिलानने वस्तू घेतली आणि नाव सोडून दिले. कायद्याच्या दृष्टीने गुन्हा पहिलाच, कारण हा कायदा नावाचा पहारेकरी आहे, घाटाचा नाही. प्राडाने ‘कोल्हापुरी’ म्हटले असते तर फार तर खटला झाला असता. काहीच म्हटले नाही म्हणून ती सुटली. नीतीच्या दृष्टीने मला हे उलटे वाटते. जो माझे नाव लावून हलका माल विकतो, तो निदान माझ्या नावाला मोल आहे हे कबूल करतो. जो माझी वस्तू घेऊन नाव पुसतो, तो मी होतो हेच नाकारतो. यावर कुणी म्हणेल की चपलेचा घाट कुणाच्या बापाचा नाही, जगभर पायांना अंगठे असतातच. खरे आहे. पण मग बाटलीतल्या बुडबुड्यांनाच काय ते बाप आहेत काय?

येथवर लिहिताना मी ‘माझे नाव’, ‘माझी वस्तू’ असे सहज लिहून गेलो. कोल्हापुरी चप्पल माझी कशी? मराठी म्हणून, एवढेच. आणि इथे आपल्याला जरा थांबावे लागेल, कारण खरा प्रश्न जिनिव्हात नाही, आपल्या वेशीपाशी आहे.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते आठ जिल्ह्यांना मिळून. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. सीमेवरून भांडणाऱ्या दोन राज्यांना एका चपलेने एका अर्जावर सही करायला लावली, ही काही लहान गोष्ट नव्हे. ही चप्पल कशी होते? कातडे बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावायचे, तळ ठोकून बसवायचा, खिळा न वापरता चामड्याच्याच वादीने शिवायचे. पट्ट्यावरची वेणी घालण्याचे बारीक काम पुष्कळ घरांत बायका करतात. कातडे कमावणारे ढोर, चप्पल शिवणारे चर्मकार. शाहू महाराजांनी या धंद्याला उत्तेजन दिले, हे आपण भाषणांत सांगतो. पण ज्या गावांच्या नावाने ही चप्पल जगभर गेली, त्या गावांनी तिच्या कारागिराला शतकानुशतके कुठे राहायला लावले? वेशीबाहेर. कातड्याच्या कुंडाचा वास गावाला नको होता. चपलेला गावाचे नाव चढले, आणि गावाने त्या माणसाला गावात घेतले नाही. फ्रेंच बागाईतदार ‘शॅम्पेन आमची’ म्हणतो तेव्हा त्या ‘आमची’त द्राक्षे तोडणाऱ्या मजुराला कितपत जागा आहे मला ठाऊक नाही, पण आपण ‘कोल्हापुरी आमची’ म्हणतो तेव्हा त्या शब्दात किती जणांची जागा चोरली आहे, हे आपल्याला पक्के ठाऊक आहे.

कायद्यात मानांकन संस्थेच्या नावावर असते, आणि कारागिराला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून आपली नोंद वेगळी करून घ्यावी लागते. अर्ज, कागदपत्रे, फेऱ्या. नोंद नसेल तर बाप-आजापासून कोल्हापुरी शिवणारा माणूस त्या नावाच्या कायदेशीर शिक्क्याचा धनी नाही.

आपल्या पूर्वजांकडे या सगळ्याला एक शब्द होता, वतन. वतन म्हणजे काम आणि त्याबद्दलचा हक्क, पिढ्यानपिढ्या. काम करील त्याला हक्क, हा त्याचा चांगला भाग. पुढे काम करणारा एक आणि हक्क खाणारा दुसरा असे झाले, आणि ज्यांच्या वाट्याला हलके ठरवलेले काम आले त्यांना वतनाच्याच दोराने गावाच्या कडेला बांधून ठेवले. म्हणून स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने कुळकर्णी वतने कायद्याने रद्द केली, १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांचीही केली. ती गेली ते योग्यच झाले. आता गावाच्या नावावर नवे हक्क बसत आहेत. हे वतनच आहे, फक्त त्याची सनद चेन्नईहून येते. ते वाईटच असे मी म्हणत नाही. पण जुन्या वतनाला जो रोग लागला तो याला लागणार नाही, याची व्यवस्था कुणी केली आहे, असे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

शिवाय गावाची सीमा म्हणजे काय? १९११ साली खुद्द शॅम्पेनमध्ये दंगली झाल्या. मार्नच्या बागाईतदारांनी बाहेरची द्राक्षे आणणाऱ्या व्यापाऱ्यांची तळघरे फोडली, वाइन रस्त्यांवर वाहिली. दक्षिणेकडचा ओब जिल्हा सीमेबाहेर टाकला तर तिथले लोक बंडाला उठले. शेवटी १९२७ च्या कायद्याने ओब आत आला. ओबची माती तीच, वेल तेच. रेघ तेवढी सरकली. त्याहून चमत्कारिक गोष्ट स्वित्झर्लंडची. तिथे व्हो प्रांतात एका खेड्याचेच नाव शॅम्पेन आहे. पिढ्यानपिढ्या तिथे द्राक्षे होतात, वाइन होते. पण १९९९ साली स्वित्झर्लंडने युरोपशी विमानवाहतुकीपासून शेतीपर्यंत अनेक करार केले, त्यांतल्या एकात या खेड्याचे नाव देऊन टाकले. २००४ पासून त्या गावच्या माणसाला आपल्याच गावचे नाव आपल्या बाटलीवर लावता येत नाही. गावकरी युरोपच्या न्यायालयात गेले. २००७ साली त्यांचा दावा दाखलही करून घेण्याजोगा नाही असा निकाल झाला. नाव खरे, गाव खरे, द्राक्षे खरी, आणि लेबल खोटे ठरले!

आणि गाव सोडून गेलेल्यांचे काय? हा प्रश्न पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्या माणसाला टाळता यायचा नाही. सोलापूरचा चर्मकार इथे येऊन चिंचवडला दुकान थाटील आणि त्याच हातांनी तीच चप्पल शिवील, तर ती कोल्हापुरी नव्हे, कारण पुणे जिल्हा त्या आठांत नाही. हात तेच, विद्या तीच, पत्ता बदलला. अमेरिका-ऑस्ट्रेलियाचे लोक वाटाघाटीत हेच सांगतात: आमचे आजे-पणजे युरोपातून निघाले तेव्हा चीजची, वाइनची नावे सामानात घेऊनच निघाले, ती आम्ही चोरली नाहीत, ती आमच्या आजीची आहेत. आपण भारतीय त्या मेजावर यांच्या विरुद्ध बसतो. बसावेही. पण त्यांचे म्हणणे ऐकून मला पिंपरी कॅम्प आठवतो. फाळणीनंतर सिंधी निर्वासित इथे आले. त्यांचे घर गेले, जमीन गेली, शहर गेले. सिंधी मिठाईवाल्याच्या दुकानात दिवाळीला रंगीत, लवचिक, काजू घातलेला हलवा मिळतो, त्याला म्हणतात कराची हलवा. तो कराचीत झालेला नाही, हे खाणाऱ्या पोरालाही कळते. ज्याच्याकडून माती हिसकावून घेतली, त्याला ‘नाव मातीचे आहे, तेही खाली ठेव’ असे सांगणारा कायदा शहाणा असेल, पण माणुसकीचा म्हणता येणार नाही.

वर्गात मी मुलांना त्यांचे गाव विचारतो, तेव्हा मोशीत जन्मलेला, मोशीतच वाढलेला मुलगा सांगतो, ‘औसा’. तिथे तो वर्षातून एकदा जातो, तोही यात्रेला. त्याला कुणी खोटे म्हणत नाही. आपली निम्मी आडनावेच अशी आहेत. गावाला ‘कर’ लावला की माणूस झाला, आणि मग तो कुठेही गेला तरी ‘कर’ सुटत नाही. नारायणगावचे नाव महाराष्ट्रभर ज्यांनी गाजवले त्या विठाबाई नारायणगावकर जन्मल्या होत्या पंढरपुरात. त्यांच्या नावाला कोणती नोंदवही हरकत घेणार होती?

तेव्हा माझ्यापुरता मी एक भेद करतो. गाव सोडताना ज्याने नाव बरोबर नेले, कारण त्याच्या हातात ती विद्या होती, त्याचे नाव खरे. ज्याने विद्याही नेली नाही आणि गावही पाहिले नाही, केवळ भाव येतो म्हणून नाव उचलले, त्याचे खोटे. मनुष्याला हा भेद कळतो, पण कायद्याला तो करता येत नाही, कारण त्याला हातांपेक्षा नकाशा तपासणे सोपे जाते. दिल्ली उच्च न्यायालयापुढे अलीकडे एक प्रकरण आले होते. पिस्को नावाची द्राक्षाची दारू, आणि तिच्या नावाचे दोन दावेदार, पेरू आणि चिली. दोघांनी भारताच्या न्यायालयात भांडावे हेच नवल. २०२५ च्या जुलैत न्यायालयाने सांगितले की दोघांचीही परंपरा जुनी आहे, तेव्हा एकाने पेरूची पिस्को म्हणावे, दुसऱ्याने चिलीची. दोघेही नाराज झाले असतील. पण एका नावाचे दोन खरे धनी असू शकतात, हे निदान एका न्यायमूर्तींनी लिहून ठेवले, याचे मला बरे वाटले.

पिंपरीच्या नावाचीही एक नोंद जगात आहे, पण ती वेगळ्या वहीत. हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधल्या संशोधकांनी एका सूक्ष्मजंतूला ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे नाव दिले, आणि त्याच्यापासून मिळालेल्या एका द्रव्याचे नाव झाले ‘पिंप्रिनीन’. ते द्रव्य आज कुठल्याही देशातला रसायनज्ञ आपल्या काचपात्रात तयार करू शकतो, आणि त्याने त्याला पिंप्रिनीनच म्हणायचे असते. इथे नाव लावायला कुणाला मनाई नाही, उलट तेच लावावे लागते. पिंपरीच्या बाजारात मात्र हे नाव ऐकलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

चाकणची गोष्ट याहून अवघड होत चालली आहे. मोटारींच्या आधी चाकण प्रसिद्ध होते ते कांद्या-बटाट्याने. खेड बाजार समितीच्या चाकणच्या आवारात आजही पहाटेपासून गाड्या लागतात, आणि पुण्यामुंबईच्या व्यापाऱ्यांच्या तोंडी ‘चाकणचा कांदा’ हा शब्द आहे. तो कांदा पुष्कळदा चाकणचा नसतो, आजूबाजूच्या तालुक्यांतून आलेला असतो. चाकणला त्याचा भाव ठरतो, एवढेच. लासलगावच्या कांद्याला मानांकन मिळाले तेव्हापासून, आपल्याही कांद्याचा अर्ज करावा असे कुणाच्या मनात आले तर नवल नाही. अर्जात सीमा दाखवावी लागेल. मग नकाशावर रेघ ओढताना कोणती शिवारे आत घ्यायची? ज्यांत खरोखर कांदा होत असे ती निघोजे, महाळुंगे, खराबवाडीकडची रानेच आज कारखान्यांच्या कुंपणांत आहेत. काही शेतकऱ्यांनी ती आनंदाने विकली, काहींची संपादनात गेली, काहींची मुले त्याच कुंपणाच्या आत कंत्राटावर जर्मन मोटारींना चाके बसवतात. परवा त्या आवारात एका म्हाताऱ्या बागाईतदाराला मी विचारले, ‘काका, हा कांदा कुठला?’ पोत्यावर हात ठेवून तो म्हणाला, ‘बी आमचं हाय, रान भाड्याचं, पार शिरूरकडं. म्हणा की चाकणचा, काय बिघडलं?’